पुढचं वाक्य कोण लिहिणार? बीबीसीला खुलं पत्र

प्रति,
बीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख
आणि ‘डॉक्टर हू’ची सूत्रं पुढे कोणाकडे द्यायची हे ठरवणारे सर्वजण

सप्रेम नमस्कार.

‘डॉक्टर हू’ या तुमच्या मालिकेचा पुढचा शोरनर, म्हणजे मालिकेचा मुख्य लेखक आणि सूत्रधार, कसा निवडावा, याविषयी हे पत्र आहे. मराठीतून लिहिते आहे, कारण बीबीसी 2017 पासून मराठीत बातम्या देते. म्हणजे आमची भाषा तुम्हाला अगदीच परकी नाही. शिवाय या मालिकेवर जीव लावणारे मराठी प्रेक्षकही आहेत. हे पत्र त्यांनीही वाचावं आणि पटलं नाही तर भांडावं, अशी माझी इच्छा आहे.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डॉक्टर हा परग्रहावरचा प्रवासी. निळ्या पोलीस बॉक्ससारखं दिसणारं टार्डिस नावाचं यान घेऊन तो काळात कुठेही जातो. मरायला टेकला की त्याची काया पालटते, चेहरा बदलतो, स्वभावही बदलतो, पण डॉक्टर तोच राहतो. 1966 मध्ये विल्यम हार्टनेल यांची प्रकृती साथ देईना, तेव्हा ही युक्ती निघाली आणि पॅट्रिक ट्राउटन आले. नट बदलायची सोय अशी कथेतच होऊन गेली. मालिका चालवणारा माणूस बदलायची सोय मात्र कथेत नाही. ती दर वेळी तुम्हालाच करावी लागते. जेव्हा ती विचारपूर्वक झाली तेव्हा मालिका बहरली, आणि जेव्हा टाळली गेली तेव्हा मालिकेचे हाल झाले, असं माझं ठाम मत आहे.

1 जानेवारी 2010 ला लागलेल्या ‘द एंड ऑफ टाइम’चा शेवट आठवून बघा. डेव्हिड टेनंटचा डॉक्टर टार्डिसमध्ये एकटा उभा आहे. मला जायचं नाही, म्हणतो. मग सोनेरी ज्वाळा उसळतात आणि त्याच्या जागी मॅट स्मिथ दिसतो. तो पाय आहेत का बघतो, बोटं मोजतो, हनुवटी चाचपतो, केस हाताला लागताच आपण मुलगी झालो की काय म्हणून क्षणभर दचकतो, आणि मग त्याच्या लक्षात येतं की यान पेटलंय आणि खाली कोसळतंय. या प्रसंगात टेनंटचं शेवटचं वाक्य जाणारे शोरनर रसेल टी. डेव्हिस यांनी लिहिलं, आणि स्मिथच्या तोंडची वाक्यं येणारे शोरनर स्टीव्हन मॉफॅट यांनी. एकाच प्रसंगात लेखणी या हातातून त्या हातात गेली. पुढे 2017 च्या ख्रिसमसला मॉफॅट यांनी पीटर कपाल्डीला निरोप दिला आणि जोडी व्हिटेकरचे पहिले शब्द ख्रिस चिब्नल यांनी लिहिले. 2022 मध्ये चिब्नल यांनी व्हिटेकरला निरोप दिला आणि त्यानंतर पडद्यावर पुन्हा आलेल्या टेनंटसाठी, शोरनर म्हणून परत आलेल्या डेव्हिस यांनी ओळी लिहिल्या. जाणारा आपल्या कथेच्या शेवटी येणाऱ्यासाठी जागा सोडतो, आणि ती जागा कशी भरायची हे त्याला सांगत नाही. मला या मालिकेतल्या कुठल्याही राक्षसापेक्षा, कुठल्याही ग्रहापेक्षा ही रीत जास्त आवडते.

31 मे 2025 ला ‘द रिअ‍ॅलिटी वॉर’मध्ये न्कुटी गटवाचा डॉक्टर गेला आणि त्याच्या जागी बिली पायपर हसताना दिसली. श्रेयनामावलीत तिचं नाव आलं, पण भूमिकेचं नाव आलं नाही. याआधी नव्या नटाच्या नावापुढे ‘डॉक्टर’ असं स्पष्ट लिहिलेलं असायचं. या वेळी प्रसंगाच्या दोन्ही बाजू एकाच माणसाने लिहिल्या होत्या, कारण लेखणी घ्यायला समोर कोणीच उभं नव्हतं. मग ऑक्टोबर 2025 मध्ये तुम्ही जाहीर केलंत की डिस्नेबरोबरची भागीदारी संपली, पण मालिका बंद होणार नाही आणि 2026 च्या ख्रिसमसचा विशेष भाग डेव्हिस लिहितील. त्यानंतर कोण, हे त्या घोषणेत नव्हतं. मला काळजी वाटते ती या रिकाम्या जागेची.

डेव्हिस यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. 26 मार्च 2005 ला त्यांनी ही मालिका परत आणली नसती, तर माझ्यासारखीला ती कधी दिसलीच नसती. तरीही सांगते, एवढ्या मोठ्या माणसाला परत बोलावणं हा तात्पुरता उपाय होता. तुम्ही तो पुढच्या माणसाच्या शोधाऐवजी वापरलात, असं मला वाटतं.

तुमच्याच इतिहासात याहून चांगलं उदाहरण आहे. 1974 मध्ये निर्माते बॅरी लेट्स आणि पटकथा संपादक टेरन्स डिक्स, दोघेही जायला निघाले होते. डॉक्टरची भूमिका करणारा जॉन पर्टवीही सोडून जात होता. असं सगळंच एकदम बदलताना घाई व्हायला हवी होती. पण लेट्स यांनी नवा डॉक्टर स्वतः निवडला. टॉम बेकर त्या वेळी बांधकामावर मजुरी करत होता. बेकरची पहिली कथा ‘रोबॉट’ लेट्स यांच्याच देखरेखीखाली झाली, ती लिहिली डिक्स यांनी, आणि पटकथा संपादकाच्या खुर्चीत तोवर रॉबर्ट होम्स बसलेही होते. पुढच्या कथेपासून फिलिप हिंचक्लिफ यांनी निर्मिती हातात घेतली. त्यांना नट तयार मिळाला, संपादक रुळलेला मिळाला, आणि काय बदलायचं यावर विचार करायला वेळ मिळाला. 1975 ते 1977 या काळातल्या कथा आजही जुने चाहते सर्वांत वर ठेवतात. त्या यशामागे ही शांतपणे झालेली अदलाबदल आहे. बापाने आपल्या हयातीत दुकानाच्या किल्ल्या मुलीच्या हातात द्याव्यात आणि महिनाभर गल्ल्यापाशी नुसतं बसून राहावं, तसं लेट्स यांनी केलं.

त्याच हिंचक्लिफ यांना तुम्ही कसं हलवलंत, तेही आठवून बघा. ‘द डेडली असॅसिन’मध्ये डॉक्टरचं डोकं पाण्याखाली दाबलेलं असताना भाग संपला, टीव्हीवरच्या हिंसेविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या मेरी व्हाइटहाउस यांनी तक्रार केली, तुम्ही माघार घेतलीत, आणि ऐन भरात असलेल्या निर्मात्याची बदली झाली. जागी आलेल्या ग्रॅहम विल्यम्स यांना सुरुवातीलाच ‘हिंसा कमी करा’ असं बजावण्यात आलं. नवा माणूस मालिकेसाठी काही घेऊन येण्याऐवजी आधीच्या माणसाचं काहीतरी पुसायला आला, अशी ही नेमणूक होती. अशा नेमणुकीत माणूस कितीही गुणी असो, त्याचे हात पहिल्या दिवसापासून बांधलेले असतात.

आणि मग जॉन नेथन-टर्नर. 1980 ते 1989 एकच निर्माता. त्यांनी सोडायची इच्छा वेळोवेळी दाखवली, पण दुसरं कोणी पुढे येईना आणि तुम्ही त्यांना तिथेच ठेवलंत. 1985 मध्ये मालिका दीड वर्ष थांबवलीत. परत आल्यावर 1986 मध्ये ‘द ट्रायल ऑफ अ टाइम लॉर्ड’ ही चौदा भागांची कथा झाली. तिचा शेवट लिहिणारे होम्स मध्येच वारले. पटकथा संपादक एरिक सावर्ड यांचं निर्मात्याशी पटेना, ते नोकरी सोडून गेले आणि जाताना स्वतः लिहिलेला शेवटचा भाग वापरू द्यायला त्यांनी नकार दिला. मग पिप आणि जेन बेकर या जोडप्याला तो भाग घाईघाईने नव्याने लिहावा लागला, तोही सावर्ड यांनी काय लिहिलं होतं हे माहीत नसताना. चौदा भागांचं कोडं आणि शेवटचं उत्तर लिहिणाऱ्याला मूळ उत्तर ठाऊक नाही! वरच्या मंडळींनी माणसं नेमताना आणि सांभाळताना हेळसांड केली की ती अशी थेट कथेत उतरते. त्या वर्षी डॉक्टरची भूमिका करणाऱ्या कॉलिन बेकरला काढलंत, जणू सगळा दोष नटाचाच होता. 1989 च्या डिसेंबरमध्ये मालिका थांबली. बंद केली असंही धड कोणी सांगितलं नाही.

त्याच 1986 मध्ये तुमच्या ‘ओपन एअर’ या कार्यक्रमात सोळा वर्षांचा एक चाहता बेकर दाम्पत्यासमोर बसून, ही कथा चांगली लिहिली गेली नाही, असं तोंडावर सांगत होता. तो ख्रिस चिब्नल. बत्तीस वर्षांनी मालिका त्याच्याच हातात आली. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. टीका करणारा पोरगा एक दिवस खुर्चीत बसू शकतो, इतकं दार तुम्ही उघडं ठेवलंत. पण 2005 पासून त्या खुर्चीत कोण बसलं, तर डेव्हिस, मॉफॅट, चिब्नल आणि पुन्हा डेव्हिस. तिघेही लहानपणापासूनचे चाहते, तिघेही गोरे ब्रिटिश पुरुष, तिघांचीही या मालिकेकडे बघायची नजर लहानपणी घडलेली. चाहता असणं वाईट नाही. मात्र चाहत्याला जुन्या गोष्टी परत आणण्याचा मोह आवरत नाही, आणि 2025 च्या शेवटी राणी आणि ओमेगा या जुन्या खलपात्रांना एकदम आणून जे झालं, ते याच मोहाचं फळ होतं.

मुळात मालिका सुरू केली ती कोणी? नाट्यविभागाचे तेव्हाचे प्रमुख सिडनी न्यूमन कॅनडाहून आलेले. निर्माती व्हेरिटी लँबर्ट, सत्तावीस वर्षांची, त्या वेळी तुमच्या नाट्यविभागात एकटी बाई निर्माती. पहिली कथा दिग्दर्शित करणारे वारिस हुसेन चोवीस वर्षांचे, लखनौत जन्मलेले, लेखिका अतिया हुसेन यांचे चिरंजीव. या तिघांपैकी कोणीही तुमच्या जुन्या चाकोरीतलं नव्हतं. 27 सप्टेंबर 1963 ला पहिला भाग चित्रित झाला तेव्हा टार्डिसची दारं नीट मिटेनात, कॅमेरे अडखळले, आणि डॉक्टर फारच तुसडा वाटला. न्यूमन यांनी तो बघून नापसंत केला. पण त्यांनी लँबर्ट आणि हुसेन यांना काढून टाकलं नाही; पुन्हा करा म्हणाले. 18 ऑक्टोबरला पुन्हा चित्रण झालं आणि 23 नोव्हेंबरला भाग लागला. आदल्याच दिवशी केनेडींची हत्या झाली होती, म्हणून पुढच्या शनिवारी तो परत दाखवला गेला. नंतर डालेक या परग्रही शत्रूंची कथा आली. न्यूमन यांना तसले डोळेफाडू राक्षस नको होते, मालिका विभागाचे प्रमुख डॉनल्ड विल्सन यांनाही संहिता आवडली नव्हती. लँबर्ट अडून राहिल्या, कारण त्यांच्याकडे दुसरी संहिता तयारच नव्हती आणि ही चांगली आहे अशी त्यांची खात्री होती. ब्रिटनभर मुलं डालेक होऊन खेळायला लागली, तेव्हा वरिष्ठांनी माघार घेतली. नेतृत्व मला यात दिसतं: वरच्याने पहिली चूक पोटात घातली, आणि खालची वरच्यासमोर ठाम राहिली.

हेच न्यूमन 1986 मध्ये तुमचे तेव्हाचे वरिष्ठ अधिकारी मायकल ग्रेड यांना सुचवत होते की डॉक्टरची बाई करा. ते प्रत्यक्षात यायला 2018 उजाडलं.

बाहेरच्या माणसांनी तुमच्या विज्ञानकथेला किती दिलंय, याची मोजदाद तुम्ही करावी असं वाटतं. सायबरमेन हे डॉक्टरचे अर्धयांत्रिक शत्रू कल्पिले ते किट पेडलर यांनी. ते डोळ्यांवर संशोधन करणारे वैज्ञानिक होते, आणि मालिकेचे पटकथा संपादक जेरी डेव्हिस यांच्याबरोबर ते लिहायला लागले. त्याच्याही आधी, 1961 मध्ये, तुम्ही ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही मालिका केलीत ती खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांच्याबरोबर. हॉयल म्हणजे आमच्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू. नारळीकरांनी पुढे मराठीत विज्ञानकथा लिहिल्या आणि आमच्या पिढ्यांना त्यांची गोडी लावली. (‘ए फॉर अँड्रोमेडा’चे बहुतेक भाग तुम्ही पुसून टाकलेत, तसेच ‘डॉक्टर हू’चेही नव्वदहून अधिक. त्यांचे आवाज तरी आज ऐकता येतात, कारण घरोघरच्या चाहत्यांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरले होते. आणि 2013 मध्ये नऊ भाग परत मिळाले ते नायजेरियात. बाहेरच्या प्रेक्षकाचा या मालिकेवर हक्क किती, असं कोणी विचारलं तर मी एवढंच दाखवीन.)

अमेरिकेतलंही एक उदाहरण देते. 1989 मध्ये ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ची लेखनाची सूत्रं मायकल पिलर यांच्याकडे आली, तेव्हा त्यांनी कोणाच्याही संहिता वाचायला सुरुवात केली. रोनाल्ड डी. मूर हा तरुण तसाच आला, एक संहिता घेऊन. पुढे त्याने ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ नव्याने उभी केली. तुमच्याकडे पुढचा शोरनर तयार नसेल, तर पुढची पाच-सहा माणसं तयार करायची जागा तरी हवी. सीझन आठ भागांचा आणि त्यातले बहुतेक एकाच माणसाने लिहिलेले, अशा घरात शिकायला जागा कुठे उरते? 2005 ला तेरा भाग होते.

आता मला सर्वांत लागलेली गोष्ट. 2018 च्या ‘डीमन्स ऑफ द पंजाब’मध्ये विनय पटेल यांनी ऑगस्ट 1947 ची फाळणी दाखवली, आणि त्या भागाच्या शेवटी शीर्षकसंगीत हिंदुस्थानी गळ्यातून ऐकू आलं, तेव्हा ही मालिका आमच्याशीही बोलतेय असं पहिल्यांदा वाटलं. 2025 मध्ये बेलिंडा चंद्रा आली. केरळात जन्मलेली वरदा सेतू ही भूमिका करत होती. लंडनमधली नर्स. डॉक्टरने न विचारता तिचा डीएनए तपासला, तेव्हा तिने त्याला तिथल्या तिथे खडसावलं. मी तुझ्या साहसातलं पात्र नाही, मला घरी सोड, एवढंच तिचं मागणं. इतकी स्वतःच्या पायावर उभी असलेली सोबतीण डॉक्टरला फार कमी वेळा मिळाली आहे. शेवटच्या भागात वास्तवच बदललं गेलं आणि बेलिंडाला पॉपी नावाची मुलगी झाली, पहिल्यापासूनच होती असं ठरलं. आधीचे प्रसंग पुन्हा दाखवले गेले, आणि त्यांत ती मुलीसाठी घरी जायचंय म्हणताना दिसली. सीझनभर जी स्वतःसाठी ‘नाही’ म्हणत होती, तिचं ते ‘नाही’ मागे जाऊन पुसलं गेलं. लेखकाच्या शेजारी बरोबरीच्या अधिकाराचं कोणी बसलेलं असतं, तर हे टेबलावरच थांबलं असतं असं मला मनापासून वाटतं. लेट्सना डिक्स होते, हिंचक्लिफना होम्स होते. निर्माता आणि पटकथा संपादक ही दोन माणसं एकमेकांना अडवायची आणि सावरायची. आता सगळं ओझं एका शोरनरच्या डोक्यावर आहे, आणि त्याला अडवायचं कोणी, हे ठरलेलं नाही.

तेव्हा माझं मागणं असं. पुढचा शोरनर निवडताना ओळखीच्या यादीबाहेर बघा. विनय पटेलांसारखे लेखक या मालिकेत येऊन गेले आहेत, आणि ज्यांनी तिच्यासाठी कधीच लिहिलं नाही असेही पुष्कळ आहेत. निवडलेल्या माणसाबरोबर पटकथा संपादक नेमा आणि त्याला खरा अधिकार द्या. दोघांना किमान तीन वर्षांचा शब्द द्या, कारण पहिल्या सीझनमध्ये दारं मिटत नाहीत, कॅमेरे अडखळतात, हे तुम्ही 1963 पासून जाणता. पैसा कमी असेल तर कमी खर्चाच्या कथा करा. डिस्नेचा पैसा नव्हता तेव्हाही मालिका उत्तम चालली होती. आणि नव्या माणसावर टीका सुरू होईल तेव्हा त्याच्या पाठीशी उघडपणे उभे राहा. व्हिटेकर आणि गटवा यांना ज्या घाणेरड्या शिव्या खाव्या लागल्या त्यांना टीका म्हणता येत नाही. त्या शिव्यांना घाबरून तुम्ही पुन्हा जुन्या, सुरक्षित नावाकडे वळलात, तर शिव्या देणाऱ्यांचं फावेल.

सर्वांत आधी मात्र एक करा. डेव्हिस यांचा शेवटचा भाग जेव्हा केव्हा लागेल, तेव्हा त्याची शेवटची दोन मिनिटं नव्या माणसाला लिहू द्या. त्याचं किंवा तिचं नाव त्याआधी जाहीर करा. डेव्हिस यांनी 2010 मध्ये मॉफॅट यांना ही जागा आनंदाने दिली होती; या वेळीही ते देतील याबद्दल मला शंका नाही. तुम्ही त्यांना कोणाला द्यायची ते सांगा.

आपली,
‘डॉक्टर हू’ची एक प्रेक्षक
नाशिक